'अवतार: द लास्ट एअरबेंडर'ची कॉमिक्स: कुठून सुरुवात करावी, कोणती आवृत्ती घ्यावी?

आंबेमोहोर

'अवतार: द लास्ट एअरबेंडर' या कार्टून मालिकेचे तिन्ही सीझन, म्हणजे सगळे ६१ भाग पाहून झाले की एक प्रश्न डोक्यात राहतोच. शेवटच्या भागात झुको तुरुंगात वडिलांसमोर, ओझायसमोर उभा राहतो, "माझी आई कुठे आहे?" असं विचारतो आणि मालिका उत्तर न देता पुढे सरकते. हे उत्तर डार्क हॉर्स या प्रकाशकाच्या कॉमिक्समध्ये आहे एवढं माहीत आहे. पण विकत घ्यायला गेलं की वीस-पंचवीस मुखपृष्ठं समोर येतात. एकाच नावाचं पुस्तक तीन आकारांत आणि तीन किमतींत दिसतं. कुठे 'पार्ट टू' लिहिलेलं असतं, कुठे 'ऑम्निबस', कुठे 'लायब्ररी एडिशन'.

जाणकारांनी कृपया सांगावं: ही पुस्तकं म्हणजे मालिकेतलेच प्रसंग पुन्हा काढलेत की पुढची गोष्ट आहे? थेट झुकोच्या आईच्या पुस्तकापासून सुरुवात केली तर चालेल का? आवृत्त्यांमध्ये नक्की फरक काय? अकरा-बारा वर्षांच्या वाचकाला कितपत झेपेल? आणि मालिकेचा जीव हालचालीत होता, तो कागदावर उतरतो का? रहस्यं मात्र फोडू नका.

शाईदौत

आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. मुख्य कॉमिक्स ही पुढची गोष्ट आहेत. मालिकेतली चित्रं उचलून त्यावर संवादांचे फुगे चिकटवलेली पुस्तकंसुद्धा निघाली होती, टोकियोपॉपची 'सिने-मांगा'. ती जुन्या पुस्तकांच्या बाजारात अजून मिळतात आणि लोक चुकून घेतात. पडद्यावरची चौकट तशीच्या तशी छापलेली दिसली की समजा ही तीच. तुम्हाला ती नकोत.

तुम्हाला हवीय ती मालिका २०१२ साली सुरू झाली. लेखक जीन लुएन यांग, चित्रं गुरिहिरू या जपानी जोडीची. मालिकेचे निर्माते मायकल डांटे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनीएत्झको यांचा कथेत सहभाग होता, म्हणून ही अधिकृत गोष्ट मानली जाते. प्रत्येक कथा तीन भागांत, प्रत्येक भाग साधारण ७५-८० पानांचा.

क्रम असा: 'द प्रॉमिस' (२०१२), 'द सर्च' (२०१३), 'द रिफ्ट' (२०१४), 'स्मोक अँड शॅडो' (२०१५-१६), 'नॉर्थ अँड साउथ' (२०१६-१७). यानंतर चमू बदलला. 'इम्बॅलन्स' (२०१८-१९) फेथ एरिन हिक्स यांनी लिहिलं आणि पीटर वॉर्टमन यांनी काढलं. प्रकाशनाचा क्रम आणि कथेतला काळाचा क्रम एकच आहे, त्यामुळे फार डोकं लावायची गरज नाही.

झुकोची आई 'द सर्च'मध्ये आहे. थेट तिथून सुरुवात करायचा मोह सगळ्यांना होतो आणि तिथेच गाडं अडतं. 'द सर्च'मध्ये सुरुवातीलाच झुको आणि त्याची बहीण अझुला एकत्र प्रवासाला निघालेले असतात. ते का, कोणाच्या सांगण्यावरून, झुको इतका बिथरलेला का, याची मुळं 'द प्रॉमिस'च्या शेवटात आहेत. शिवाय वडिलांसारखं होण्याची जी भीती झुकोला 'द प्रॉमिस'भर खाते, ती माहीत नसेल तर आईच्या शोधामागची तळमळ अर्धीच पोचते. म्हणून सगळ्या कथा घ्यायची ऐपत किंवा वेळ नसेल तर दोन घ्या, पण ही दोन या क्रमाने घ्या.

'द प्रॉमिस'बद्दल थोडं जास्त लिहितो, कारण त्याला 'सर्चच्या आधीचं पुस्तक' म्हणून ओलांडून जाणं हा अन्याय आहे. युद्ध संपलं. आता फायर नेशनने अर्थ किंगडममध्ये वसवलेल्या वसाहती रिकाम्या करायच्या असं मालिकेचा नायक आंग, झुको आणि अर्थ किंगचं ठरतं. कागदावर अगदी न्याय्य वाटतं. मग यू डाओ नावाचं शहर समोर येतं. वसाहत होऊन शंभर वर्षं झालेली, दोन्हीकडच्या लोकांची लग्नं झालेली, मुलं झालेली. तिथली एक मुलगी फायर नेशनची नागरिक आहे आणि ती अर्थबेंडर, म्हणजे माती-दगड हलवू शकणारी आहे. तिने कुठे जायचं? मालिकेत शत्रू कोण हे ठाऊक होतं. इथे प्रत्येकाचं म्हणणं पटतं आणि तरी सैन्यं समोरासमोर येतात. सीमाभागात वाढलेल्या मराठी वाचकाला हे पुस्तक समजावून सांगावं लागणार नाही.

यांग यांना हे लिहिता आलं यामागे कारण आहे. 'अमेरिकन बॉर्न चायनीज' या त्यांच्या चित्रकादंबरीचा विषयच दोन संस्कृतींत विभागलेला मुलगा हा होता. या मालिकेवरच्या २०१० च्या चित्रपटात आशियाई पात्रांसाठी गोरे नट घेतले तेव्हा त्यांनी जाहीर विरोध केला होता, त्यावर एक छोटं कॉमिकही काढलं होतं. मालिकेवर इतका जीव असलेल्या माणसाकडे ती पुढे सोपवली गेली, हे वाचताना जाणवतं.

वयाबद्दल: अकरा-बाराला व्यवस्थित झेपतं. 'स्मोक अँड शॅडो'मध्ये रात्री मुलं पळवली जातात, सावल्या भिंतीवरून सरकतात. घाबरणारं मूल असेल तर दिवसा वाचायला द्या, एवढंच.

सोळापानी_फर्मा

आवृत्त्यांचं सांगतो.

सुटे भाग आणि ऑम्निबस यांचा पानाचा आकार एकच, ६ बाय ९ इंच, दोन्ही मऊ पुठ्ठ्याची. ऑम्निबस म्हणजे तीन भाग एकत्र, सव्वादोनशेच्या वर पानं. लायब्ररी एडिशन कडक बांधणीची आणि साधारण ९ बाय १२ इंच. मजकूर आणि चित्रं तिन्हींत तीच. छापील किमती सुट्या भागाची १०.९९ डॉलर, ऑम्निबसची २४.९९ आणि लायब्ररीची ३९.९९ अशा होत्या. म्हणजे तीन सुटे भाग घेणं ऑम्निबसपेक्षा महाग पडतं आणि लायब्ररीपेक्षा फार स्वस्तही पडत नाही. भारतात आयात केलेल्या प्रतीची किंमत रोज हलते, पण हे प्रमाण साधारण टिकतं.

आता जे साइटवर लिहिलेलं नसतं ते. ९ इंच उंचीचं पान १२ इंच केलं की चित्र एक-तृतीयांशाने मोठं होतं. त्या हिशेबाने ६ इंच रुंदीचं ८ इंच व्हायला हवं, पण पुस्तक ९ इंच रुंद आहे. तो उरलेला समास वाया गेलेला नाही. तिथे यांग आणि गुरिहिरू यांच्या टिपा छापल्यात: ही चौकट अशी का, या पात्राचा पोशाख कुठून आला, आधी काय ठरलं होतं. मागे कच्ची रेखाटनं आहेत. चित्रकलेत रस असलेल्या मुलासाठी ती पानं म्हणजे शिकवणीच.

ऑम्निबसची अडचण कण्यात आहे. ही गोंदाची बांधणी आहे, फर्मे म्हणजे पानांचे घडी घातलेले गठ्ठे शिवलेले नाहीत. जाडी वाढली की पुस्तक सपाट उघडत नाही आणि आतल्या समासाजवळचा फुगा खोबणीत जातो. ७५-८० पानांच्या सुट्या भागात हा त्रास जवळपास नाही. जोडपानी चित्रं बघायची असतील तर सुटे भाग ऑम्निबसपेक्षा सरस ठरतात, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

नवा ऑम्निबस आला की एकदम मधून उघडून दाबू नका. कणा टेबलावर टेकवा. पुढून आठ-दहा पानं उघडून आतल्या कडेवरून बोट फिरवा, मग मागून तितकीच, पुन्हा पुढून. असं करत मध्यापर्यंत या. पाच मिनिटांचं काम आहे. गोंद हळूहळू सैल होतो आणि एका जागी तडकत नाही. मधून मोडलेल्या पुस्तकाची पानं बरोबर त्या रेघेपासून सुटायला लागतात.

नकली प्रतींपासून सावध राहा. स्कॅन करून छापलेल्या प्रती बाजारात फिरतात. ओळखायला दहापटीचं भिंग पुरेसं आहे. फुग्यातलं एक अक्षर घ्या आणि भिंगातून बघा. अस्सल छपाईत काळं अक्षर फक्त काळ्या शाईचं असतं, कडा कातरल्यासारखी स्वच्छ. स्कॅनवरून छापलेल्या प्रतीत त्याच अक्षराभोवती निळे, गुलाबी, पिवळे ठिपके दिसतात, कारण चारही रंग मिळून ते अक्षर तयार झालेलं असतं. भिंग नसेल तर सपाट रंगाचं आकाश बघा. त्यावर जाळीसारखी नक्षी दिसली तर प्रत परत करा.

आंबेमोहोर

दोघांनाही मनापासून धन्यवाद. दोन उपप्रश्न. 'द लॉस्ट ॲडव्हेंचर्स' हे नाव यादीत आलं नाही, ते कुठे बसतं? आणि हालचालीचा प्रश्न राहिला.

शाईदौत

'द लॉस्ट ॲडव्हेंचर्स' (२०११) ही पुढची गोष्ट नाही, म्हणून मुख्य यादीत घेतलं नाही. निकलोडियनच्या मासिकात आणि डीव्हीडीसोबत आलेल्या छोट्या गोष्टी, त्यात काही नव्यांची भर, असा हा संग्रह. सगळ्या तीन सीझनच्या काळातल्या. बऱ्याचशा चार-सहा पानांच्या विनोदी गोष्टी आहेत. एक मात्र चुकवू नका, 'गोइंग होम अगेन'. दुसरा सीझन बा सिंग से हे शहर पडल्यावर संपतो आणि तिसऱ्याच्या सुरुवातीला झुको घरी परतलेला असतो, माईसोबत. मधली फट ही गोष्ट भरते.

नंतर 'टीम अवतार टेल्स' (२०१९) हा तसाच दुसरा संग्रह आला आणि या दोन्हींची मिळून एक लायब्ररी एडिशनही आहे. दोन्ही हवे असतील तर तीच घ्या, वेगवेगळे घेऊन नंतर पस्तावू नका.

२०२० पासून एकेका पात्राची स्वतंत्र पुस्तकं निघतायत, एका भागात संपणारी: कटाराचं, टॉफचं, 'सुकी, अलोन', 'अझुला इन द स्पिरिट टेंपल'. सुकीचं आणि कटाराचं युद्धाच्या काळातलं आहे, त्यामुळे 'द प्रॉमिस'च्या आधीही वाचता येतं. अझुलाचं मात्र 'स्मोक अँड शॅडो' वाचल्याशिवाय उघडू नका.

आणि एक. क्योशी या आधीच्या अवतारावरची एफ. सी. यी यांची पुस्तकं चांगली आहेत, पण त्या कादंबऱ्या आहेत, चित्रं नाहीत. मुखपृष्ठ पाहून कॉमिक समजून मागवली जातात.

एचबी_पेन्सिल

हालचालीचं मी लिहितो, ते जमलं नसतं तर बाकीची चर्चा व्यर्थ होती.

मालिकेत प्रत्येक बेंडिंगमागे, म्हणजे पाणी, माती, आग, वारा हलवण्याच्या विद्येमागे, एक खरी युद्धकला होती. पाण्यासाठी ताई ची, मातीसाठी हुंग गार, आगीसाठी उत्तरेकडचं शाओलिन, वाऱ्यासाठी बागुआ. टॉफ या अर्थबेंडरची शैली निराळी, दक्षिणेकडच्या प्रेइंग मँटिसवर बेतलेली. पडद्यावर पाय रोवणं, कंबर फिरणं, हात सुटणं आणि शेवटी दगड उडणं हे सगळं सलग दिसतं. कागदावर यातले फार तर तीन क्षण घेता येतात. कोणते घ्यायचे, यात चित्रकाराची कसोटी असते.

नवशिका चित्रकार दगड उडालेला क्षण काढतो, कारण तो दिमाखदार असतो. पण तेवढाच काढला तर तो दगड कुणीही फेकलेला असू शकतो. गुरिहिरू बहुतेक वेळा पवित्रा आधी दाखवतात. पाय किती फाकलेत, टाच जमिनीला टेकलीय का, वजन कोणत्या पायावर आहे. मग एकदम परिणाम. मधली हालचाल वाचकाचं मन दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत स्वतः पूर्ण करतं. वाचताना हे जाणूनबुजून करून बघा: लढाईच्या पानावर आधी फक्त पाय बघत जा. अर्थबेंडरचा तळवा जमिनीला चिकटलेला सापडेल, आंगचा बहुधा सुटलेला. चेहरा न बघता कोण लढतंय ते सांगता येतं.

दुसरी गोष्ट रंगाची. पडद्यावरची आग स्वतः उजेड फेकते, कागद तसा उजळत नाही. छपाईत नारंगी म्हणजे किरमिजी आणि पिवळी शाई, त्यापलीकडे तेज नाही. मग आगीचा गाभा जवळजवळ पांढरा सोडायचा आणि भोवतीची पार्श्वभूमी एक-दोन छटा उतरवायची. डोळा फसतो आणि आग पेटलेली वाटते. अझुलाची आग निळी, हा मालिकेचा नियम कॉमिक्सला फार उपयोगी पडला. नारंगी पानावर निळा पट्टा आला की ती आली हे सांगायला अक्षरं लागत नाहीत. गुरिहिरूमध्ये एक जण रेषा काढते आणि दुसरी रंग भरते. दोघींचा ताळमेळ या पानांवर सगळ्यात छान दिसतो.

जे उतरलेलं नाही तेही सांगायला हवं. जेरेमी झुकरमन यांचं संगीत नाही. झुकोचा काका आयरो याच्या शांत प्रसंगांत पडद्यावर जो विराम मिळायचा तो कागदावर वाचकाने घ्यावा लागतो. लेखक-चित्रकार तिथे बिनशब्दांच्या चौकटी ठेवतात, पण घाईने वाचणारं मूल त्या अर्ध्या सेकंदात ओलांडतं. पहिल्यांदा मोठ्याने वाचून दाखवणार असाल तर बिनशब्दांच्या चौकटीवर बोट ठेवा आणि एक श्वास थांबा. सगळा फरक पडतो. फोनवर एकेक चौकट मोठी करून दाखवणारी सोय असते, ती वापरू नका. पूर्ण पानाची रचना बघितली नाही तर लढाईची पानं तुटक वाटतात. दहा इंची टॅब असेल तर ठीक.

'इम्बॅलन्स'ला आलात की चित्रं एकदम बदललेली वाटतील. वॉर्टमन यांची रेषा जास्त मोकळी आहे, चेहरे मालिकेच्या नमुन्यांपासून थोडे दूर जातात. पहिली वीस पानं खटकतं. त्यांची शहरं मात्र बघा: कारखाने, गल्ल्या, गर्दी. त्या कथेला तेच हवं होतं.

गवती_चहा

वरच्या सगळ्याशी सहमत, एका मुद्द्यावर नाही. 'द प्रॉमिस' श्रेष्ठ आहे हे मान्य, पण नव्या वाचकाने त्यातल्या आंग-कटाराच्या संवादांवरून कॉमिक्सबद्दल मत बनवू नये. पानापानावर एकमेकांना 'स्वीटी' म्हणणं मालिकेतल्या त्या दोघांना शोभत नाही. पहिल्या भागात वाचक तिथेच वैतागतात. पुढच्या पुस्तकांत ते सावरलंय, म्हणून थांबू नका.

आणि 'द रिफ्ट' कुणी नीट सुचवलं नाही! टॉफ आणि तिचे वडील हा मालिकेत अर्धवट सुटलेला धागा इथे हातात घेतलाय. एका बाजूला एअर नोमॅडांचा विसरलेला उत्सव, दुसऱ्या बाजूला त्याच जागेवर उभा राहिलेला कारखाना. आंगला जपायचंय, टॉफला पुढे जायचंय, आणि दोघांचंही बरोबर आहे. टॉफ आवडणाऱ्या मुलासाठी पुस्तक म्हणून निवडायचं तर मी हेच निवडेन. 'द प्रॉमिस'नंतर लगेच वाचलं तरी कळतं.

'लेजंड ऑफ कोरा' पाहणार असाल तर 'इम्बॅलन्स' त्याआधी वाचा. कोरामधलं रिपब्लिक सिटी आणि बेंडर-नॉनबेंडर तेढ यांची मुळं तिथे, क्रेनफिश टाउनमध्ये आहेत. कोराची स्वतःची कॉमिक्स 'टर्फ वॉर्स' (२०१७-१८) आणि 'रुइन्स ऑफ द एम्पायर' (२०१९-२०). दोन्ही डिमार्टिनो यांनी लिहिलेली. 'टर्फ वॉर्स' मालिकेच्या शेवटच्या दृश्याला लागून सुरू होतं, त्यामुळे ५२ भाग संपायच्या आत त्याचं पहिलं पानसुद्धा उघडू नका. यात टोळीयुद्ध आहे, कोरा आणि आसामीचं नातं मध्यभागी आहे. तेरा-चौदापासून पुढच्यांना द्यावं असं माझं मत.

सोळापानी_फर्मा

पावसाळा तोंडावर आहे म्हणून शेवटचं. ही सगळी पुस्तकं गुळगुळीत, लेप दिलेल्या कागदावर आहेत. त्या लेपात चिकणमातीचा अंश असतो. ओला झाला की तो गोंदासारखा वागतो. भिजलेली पानं एकमेकांवर तशीच वाळली तर त्यांची वीट होते आणि मग कुणालाही सोडवता येत नाही. म्हणून पाणी लागलं तर पान ओलं असतानाच सुटं करायचं, प्रत्येक पानामध्ये कोरा पांढरा कागद घालायचा आणि पंख्याखाली ठेवायचं. कागद दर तासाला बदला. वर्तमानपत्र घालू नका, शाई उतरते. ऊन आणि इस्त्री दोन्ही टाळा. त्या क्षणी वेळ नसेल तर पुस्तक झिपच्या पिशवीत घालून सरळ फ्रीझरमध्ये ठेवा. तिथे ते आठवडाभर तरी आहे तसं राहील.

कोकणात किंवा गोव्यात असाल तर कपाटाच्या बंद खणात ५०-१०० ग्रॅम सिलिका जेल ठेवा, रंग बदलणारं घ्या. रंग पालटला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास तापवून पुन्हा वापरता येतं. पुस्तकाला प्लॅस्टिकचं घट्ट कव्हर नको, आत दमट हवा कोंडते. आणि लायब्ररी एडिशन घेण्याआधी खणाची उंची मोजा. १३ इंच मोकळे हवेत. तेवढे नसतील तर तिरपी उभी करण्यापेक्षा आडवी ठेवा, एकावर एक तीनच्या वर नको.